मदत हवी आहे: माजी पती वारले, मुलाच्या हक्कसोडपत्रावर ताईची सही मागताहेत

नमस्कार. थोरल्या बहिणीसाठी विचारते आहे.

ताईचा २०१९ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. दोन महिन्यांपूर्वी भावोजी अचानक गेले. (अजून तोंडात भावोजीच येतं.) त्यांनी दुसरं लग्न केलं नव्हतं, मृत्युपत्रही केलेलं नाही. मुलगा ११ वर्षांचा, ताईजवळच राहतो. सासरे आधीच गेले, सासूबाई आहेत. फ्लॅट भावोजींचा स्वकष्टार्जित, त्यांच्या एकट्याच्या नावावर.

परवा दीर टाइप केलेलं हक्कसोडपत्र घेऊन आले. सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या करून आणल्या होत्या. मुलाच्या नावाखाली ‘अ.पा.क. आई’ (म्हणजे अज्ञान, अर्थात अल्पवयीन, मुलाची पालनकर्ती) आणि पुढे ताईचं नाव. म्हणाले, "घटस्फोटात तुम्ही हक्क सोडलाच होता, ही नुसती औपचारिकता." ताई सही करायलाच निघाली होती, मी कागद ठेवून घेतला.

मी वाचलं ते असं. घटस्फोट झाला की पत्नी विधवा म्हणून वारस ठरत नाही, त्यामुळे ताईला स्वतःला काही मिळणार नाही. ते तिला मान्यच आहे. पण संमतीच्या अटींत तिने सोडला तो तिचा हक्क, लेकराचा नव्हे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मुलगा आणि आई दोघेही पहिल्या वर्गाचे वारस, म्हणजे निम्मा मुलाचा, निम्मा सासूबाईंचा. हे दोघं असताना दिरांचा वाटा येतोच कुठे? शिवाय अज्ञान मुलाची स्थावर मिळकत कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय आईलाही हस्तांतरित करता येत नाही.

सासूबाईंना घराबाहेर काढायचं ताईच्या मनातही नाही. त्यांनी तिथे सुखाने राहावं, फक्त पोराचं नाव कागदावरून पुसलं जाऊ नये.

आता अडलंय ते दोन ठिकाणी. २०१२ च्या एका विमा पॉलिसीवर नॉमिनी अजून ताईच आहे. विमा कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी पत्नी असेल तर रक्कम तिचीच होते म्हणतात. मग घटस्फोटित पत्नीचं काय? की ती नुसती विश्वस्त, आणि पैसे शेवटी वारसांचे? ताईला ते मुलाच्या नावे ठेवायचेत, पण सासूबाईंचा अर्धा भाग निघत असेल तर तो आधीच बाजूला काढू.

दुसरं, दीर सोसायटीकडे परस्पर अर्ज करतील अशी भीती वाटते. मुलाच्या वतीने सोसायटीला हरकतीचं पत्र आत्ताच द्यावं, की आधी वारस दाखल्यासाठी कोर्टात जावं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. दीर रविवारी पुन्हा येणार आहेत.