कोचीत तीन रात्री : मुक्काम फोर्ट कोचीत करावा की एर्नाकुलमला?

पाऊलखुणा

नमस्कार. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई असे तिघे कोचीला जाणार आहोत. बुधवारी ठाण्याहून नेत्रावती एक्स्प्रेसने निघायचे, गुरुवारी दुपारी एर्नाकुलमला उतरायचे, तीन रात्री राहायचे आणि रविवारी पहाटेच्या विमानाने मुंबईला परतायचे, असा बेत यजमानांच्या रजेवरून ठरला आहे. तिकिटे अजून काढलेली नाहीत.

अडचण मुक्कामाची आहे. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर ‘कोची’ असे शोधले की जी हॉटेले समोर येतात, त्यांतली काही विमानतळाजवळ, काही रेल्वे स्थानकाच्या समोर आणि काही पाण्याच्या पलीकडे निघतात, आणि नकाशावर बोट फिरवताना हे एकच शहर आहे यावर विश्वास बसत नाही. आम्हाला मट्टनचेरीचा राजवाडा, ज्यू लोकांचे सिनेगॉग, चिनी जाळी आणि जमल्यास कथकली पाहायची आहे. एक दिवस अलेप्पीला जाण्याचाही विचार आहे. सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, आणि त्यांची एकच अट आहे की सकाळी उठून समुद्र दिसला पाहिजे. खोलीला रात्रीचे साडेतीन-चार हजारांपर्यंत देण्याची आमची तयारी आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

गलबत

ताई, माझे वडील नौदलात होते आणि त्यांच्या बदलीमुळे आम्ही तीन वर्षे कोचीच्या तळावर काढली, त्यामुळे दोन शब्द अधिकाराने सांगतो. कोचीत राहण्याची जागा निवडणे म्हणजे पाण्याचा कोणता काठ निवडायचा हे ठरवणे. पूर्वेकडे मुख्य भूमीवर एर्नाकुलम आहे: दोन्ही रेल्वे स्थानके, मेट्रो, महात्मा गांधी रस्त्यावरची दुकाने, मोठी रुग्णालये, मरीन ड्राइव्हचा फिरण्याचा काठ. पश्चिमेकडे, जिथे वेंबनाड सरोवराचे पाणी अरबी समुद्राला मिळते त्या मुखाशी, फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टनचेरी आहे. मध्ये विलिंग्डन बेट. बंदराची खोली वाढवताना उपसलेल्या गाळातून इंग्रजांनी ते तयार केले. नौदलाचा तळ आणि बंदर तिथेच असल्याने पर्यटकाचे तिथे फारसे काम पडत नाही.

आता तुमच्या यादीकडे पाहा. राजवाडा, सिनेगॉग, चिनी जाळी आणि कथकली या चारही गोष्टी पश्चिमेकडच्या काठावर आहेत. एर्नाकुलमला राहिलात, तर रोज तोप्पुंपडीवरून रस्त्याने वळसा घालावा लागेल, नाहीतर बोट धरावी लागेल. बोटीचा प्रवास सुरेख असतो. हायकोर्टाजवळच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रोने वीसेक मिनिटांत फोर्ट कोची येते, आणि सरकारी जलवाहतूक खात्याच्या जुन्या बोटीही एर्नाकुलमच्या धक्क्यावरून सुटतात. पण फोर्ट कोचीचे खरे रूप दिसते ते पहाटे, जेव्हा जाळी ओढणारे चार-सहा जण दोरांना लटकवलेल्या दगडांच्या वजनावर ती अवाढव्य जाळी वर-खाली करत असतात, आणि संध्याकाळी, जेव्हा दिवसभराच्या सहलींच्या बसगाड्या निघून जातात. दिवसा येऊन दिवसा परतणाऱ्याला नेमके हेच दोन प्रहर मिळत नाहीत. कथकलीचे प्रयोगही संध्याकाळी असतात आणि रंगभूषा पाहायची असेल तर तासभर आधी जावे लागते. त्यानंतर शेवटची बोट चुकेल या धाकाने घड्याळ पाहत बसण्यात काय मजा?

सासूबाईंच्या अटीबद्दल मात्र आधीच सांगून ठेवा. फोर्ट कोचीचा किनारा दगडी बांधाचा, बसण्या-फिरण्याचा आहे; आपल्या कोकणासारखी लांबरुंद पुळण तिथे मिळणार नाही आणि पाण्यात उतरण्याजोगी ती जागा नव्हे. वाळूचा किनारा हवा असेल तर वायपिन बेटावरचे चेराई गाठावे लागेल, पण तीन रात्रींसाठी तिथे राहिलात तर बाकी सगळेच लांब पडेल. फोर्ट कोचीत समुद्र दिसतो, त्याबरोबर बंदरात शिरणारी जहाजेही दिसतात, आणि माझ्या आईला ती पाहण्यात वाळूपेक्षा अधिक रस वाटे.

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शनिवारी बंद असते आणि शुक्रवारीही पूर्ण वेळ उघडे नसते. तुमच्या बेतात पूर्ण दिवस नेमके शुक्रवार आणि शनिवार हेच आहेत. नेत्रावती रोज धावते, तेव्हा एक दिवस आधी निघता आले तर गुरुवार मोकळा मिळेल आणि दोन्ही वास्तू एकाच सकाळी होतील, कारण त्या एकमेकींपासून चालत काही मिनिटांवर आहेत.

आळशी_प्रवासी

गलबत यांच्या म्हणण्यातील बहुतेक भाग मला मान्य आहे, पण बहात्तर वर्षांच्या आणि गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीसाठी फोर्ट कोचीची शिफारस डोळे झाकून करू नये. तिथली बहुतेक होमस्टे जुन्या घरांत आहेत. घरे देखणी, पण जिने लाकडी, अरुंद आणि इतके उभे की आम्ही माझ्या वडिलांना पहिल्या दिवशी वर चढवले ते दुसऱ्या दिवशी निघतानाच खाली उतरवले. संकेतस्थळावरच्या छायाचित्रांत जिना कधीच दिसत नाही. ‘खोली तळमजल्यावर आहे का, न्हाणीघर खोलीला जोडून आहे का आणि त्यात पायरी आहे का’ हे तीन प्रश्न होमस्टेच्या मालकांना फोन करून विचारल्याशिवाय पैसे भरू नका. शिवाय डास. कोचीच्या डासांची ख्याती उगाच नाही. जाळीच्या खिडक्या किंवा वातानुकूलन यांपैकी काहीतरी असलेच पाहिजे.

माझा पर्याय असा आहे की, एर्नाकुलमला मरीन ड्राइव्ह किंवा बोटीच्या धक्क्याच्या परिसरात लिफ्ट असलेले साधे हॉटेल घ्यावे. तुमच्या रकमेत तिथे बऱ्यापैकी खोली मिळते, शाकाहारी भोजनालये जवळ आहेत, एर्नाकुलत्तप्पन म्हणजे शंकराचे मंदिरही जवळ आहे, आणि वॉटर मेट्रोच्या तरंगत्या धक्क्यावरून बोटीत शिरताना पायरी चढावी लागत नाही, हे मी स्वतः वडिलांबरोबर अनुभवले आहे. मात्र तिथून दिसते ते खाडीचे पाणी, समुद्र नव्हे.

दुसरा मुद्दा परतीचा. विमानतळ नेदुंबासेरीला आहे, एर्नाकुलमपासून सुमारे तीस किलोमीटर आणि फोर्ट कोचीपासून चाळीसच्या आसपास. मेट्रो विमानतळापर्यंत जात नाही आणि फोर्ट कोचीलाही येत नाही. पहाटेच्या विमानासाठी तुम्हाला मध्यरात्रीनंतर कधीतरी उठून निघावे लागेल. आमच्या वेळी ठरवलेला गाडीवाला आलाच नाही आणि तीन वाजता अनोळखी गल्लीत सामान घेऊन उभे राहण्याचा प्रसंग आला. शेवटची रात्र विमानतळाच्या बाजूला, अलुवा किंवा नेदुंबासेरीला काढावी, असे माझे ठाम मत आहे.

शेवंती

शाकाहाराची चिंता फोर्ट कोचीतही करू नका. मट्टनचेरीत गुजराती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, तिथल्या रस्त्याचे नावच गुजराती रोड आहे, आणि जैन मंदिरही त्याच भागात आहे. त्याहून आपल्या अधिक जवळची गोष्ट म्हणजे तिथलाच चेरळाई हा भाग. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या छळामुळे गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या गौड सारस्वत ब्राह्मणांची मोठी वस्ती तिथे आहे, त्यांचे तिरुमल देवस्वम म्हणजे व्यंकटाचलपतीचे मंदिर आहे, आणि घरांत आजही कोंकणी बोलली जाते. माझ्या आजीला गोव्याची कोंकणी येत असल्यामुळे मंदिराबाहेर फुले विकणाऱ्या बाईंशी तिची अशी काही गट्टी जमली की आम्हाला पुढचा कार्यक्रम गुंडाळावा लागला. मल्याळमचा एक शब्दही न येणाऱ्या आपल्या माणसांना तिथे अचानक ‘कशें आसा?’ ऐकू येते, तेव्हा काय वाटते ते तिथे जाऊनच कळेल. ज्येष्ठांना राजवाड्याच्या चित्रांपेक्षा हेच अधिक लक्षात राहते. (राजवाड्यातील रामायणाची भित्तिचित्रे सोडू नका, एवढेच.)

जानेवारीत जात आहात म्हणून आणखी एक सूचना. बिएनालेचे कलाप्रदर्शन ज्या हंगामात भरते, त्या हंगामात ते डिसेंबरपासून मार्चपर्यंत चालते आणि त्याची मुख्य स्थळे फोर्ट कोचीतच असतात, त्यामुळे खोल्यांचे भाव चढतात आणि चांगल्या तळमजल्याच्या खोल्या सर्वांत आधी जातात. तुमच्या तारखांना ते आहे का, हे आरक्षणाआधी पाहा. आणि रेल्वेचे तिकीट काढताना गाडी एर्नाकुलम जंक्शनला थांबते की एर्नाकुलम टाउनला, हेही वाचा; पहिल्याला लोक साउथ म्हणतात, दुसऱ्याला नॉर्थ, आणि रिक्षावाल्याला चुकीचे नाव सांगून आम्ही एकदा गाडी जवळजवळ चुकवली होती.

गलबत

आळशी_प्रवासी यांचा जिन्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मी तिथे राहिलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येत असे. तळमजल्याची अट घालाच. परेड मैदानाच्या आसपास पाहा, म्हणजे किनारा आणि सेंट फ्रान्सिस चर्च दोन्ही चालण्याच्या टप्प्यात राहतील. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला तेव्हा त्याला आधी त्याच चर्चमध्ये पुरले होते. अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या, पण थडग्याची जागा अजून दाखवतात.

शेवटच्या रात्रीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. एका रात्रीसाठी सामान बांधून मुक्काम हलवणे हेच ज्येष्ठांना जास्त दमवते. पहाटे रस्ते मोकळे असतात आणि फोर्ट कोचीहून सव्वा तासात विमानतळ येतो. गाडी होमस्टेच्या मालकांकडूनच ठरवून घ्यावी आणि चालकाशी आदल्या संध्याकाळी स्वतः बोलावे.

पाऊलखुणा

सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवार-शनिवारची अडचण वाचून यजमानांनी आजच कार्यालयात बोलणे केले आणि रजा एक दिवस अलीकडे घेतली. आता मंगळवारी निघून बुधवारी पोहोचू, गुरुवारी मट्टनचेरी आणि संध्याकाळी कथकली करू, शुक्रवारी अलेप्पी आणि शनिवारी पहाटे परत.

फोर्ट कोचीत तळमजल्याची खोली देणारी दोन होमस्टे सापडली आहेत. त्यांतल्या एका ठिकाणच्या काकूंनी फोनवर न विचारताच सांगितले की न्हाणीघराला एक पायरी आहे, म्हणून दुसरीकडे पैसे भरण्याचे ठरत होते. पण सासूबाईंचे म्हणणे पडले की, जी बाई स्वतःहून पायरी सांगते तिच्याकडेच राहायचे, एका पायरीचे आपण बघून घेऊ. तेव्हा पहिल्या दोन रात्री तिथे नक्की झाल्या. तिसऱ्या रात्रीचा वाद आमच्या घरातही तुमच्यासारखाच चालू आहे: मी गलबत यांच्या बाजूची, यजमान आळशी_प्रवासी यांच्या. अलेप्पीहून परतायला किती उशीर होतो हे कोणी अलीकडे पाहिले असेल तर कळवावे; निर्णय त्यावरच ठेवला आहे.