वैशाखातले रान आणि आईची आठवण : मे अखेरीस भीमाशंकर परिसरात काय पाहता येईल?

आंबेगावची लेक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

माझी आई मागच्या श्रावणात गेली. तिचे माहेर आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेतल्या एका लहान गावात आहे. आम्हा भावंडांची मे महिन्याची सुट्टी दरवर्षी तिथेच जाई. आईचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते, परंतु कोणत्या जाळीची करवंदे गोड आहेत, कुसरीचा वास कोणत्या वळणावर येतो, शेकरूने, म्हणजे रानातल्या मोठ्या खारीने, यंदा घरटे कोणत्या झाडावर बांधले आहे, हे सारे तिला माहीत असे आणि ते आम्हाला दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लग्नाआधी आजीबरोबर बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करण्यासाठी ती रानात हिंडलेली होती, त्यामुळे तिच्या सगळ्या ओळखी पायाखालच्या होत्या.

यंदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळी भावंडे, आमची मुले आणि बाबा असे तिथे जाण्याचा विचार करीत आहोत. बाबांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे असून गुडघ्यांमुळे त्यांना चढ-उतार जमत नाही. मुलांपैकी कोणालाही आजीच्या रानाची ओळख नाही. आई दाखवत असे तेव्हा मी नुसती पाहत गेले. नावे लक्षात राहिली, पण काय कधी फुलते याचा मेळ आता मला लावता येत नाही. त्या आठवड्यात तिथे नेमके काय पाहता येईल, आणि बाबांनाही त्यात सामील कसे करून घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

आणखी एक गोष्ट मनात आहे. घरातल्या एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की वर्षश्राद्ध होण्याआधी असे हौसेने फिरायला जाणे बरे दिसत नाही. त्यांचा मान राखून, तरीही जावे असे मला वाटते, कारण आईला यातच आनंद होता. अशा प्रसंगातून कोणी गेले असल्यास आपला अनुभव जरूर लिहावा.

घाटमाथा

ताई, आपल्या आईंच्या ज्ञानाबद्दल वाचून फार आदर वाटला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आपण चांगला निवडला आहे, कारण तेव्हा एक ऋतू संपत असतो आणि दुसऱ्याची चाहूल लागलेली असते, त्यामुळे दोन्हींचे काही ना काही पाहायला मिळते.

पळस, पांगारा आणि काटेसावर यांचा बहर तोवर संपलेला असेल. अंजनीची निळी फुलेही बहुधा गळून गेलेली असतील. परंतु घाटाच्या पायथ्याकडून गाडीने वर येताना बहावा नक्की भेटेल. पिवळ्या झुंबरांच्या बरोबरीने त्याच्या मागच्या वर्षीच्या काळ्या, हातभर लांब शेंगाही त्याच झाडावर लोंबत असतात, हे मुलांना आवर्जून दाखवावे. झाडाखाली थोडा वेळ थांबलात तर मोठे काळे भुंगे फुलांना बिलगून पंखांचा जोरदार गुंजारव करताना ऐकू येतील. त्या कंपनाने परागकोशातून पराग बाहेर पडतात. आमच्याकडचे शेतकरी बहावा फुलल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांनी पाऊस येतो असे मानतात आणि बहाव्याकडे पाहूनच पेरणीच्या तयारीला लागतात.

वर पोहोचल्यावर पांढऱ्या फुलांचे दिवस सुरू असतात. कुडा फुललेला असेल आणि गेळ्याची फुलेही दिसू लागतील. ती उमलताना पांढरी असतात आणि नंतर पिवळी पडतात, म्हणून एकाच झाडावर दोन रंगांची फुले दिसतात. आपण उल्लेखलेली कुसर, म्हणजे रानजाई, उशिरापर्यंत फुलत राहते. तिचा वास संध्याकाळी अधिक जाणवतो, म्हणून आईंनी सांगितलेले वळण शोधायचे असल्यास उन्हे कलल्यावर निघावे. झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या आमरींकडेही (ऑर्किडांकडेही) लक्ष असू द्यावे. सीतेची वेणी म्हणून ओळखली जाणारी आमरी मे अखेरीस आणि जूनमध्ये फुलते. तिचा गुलाबी-पांढरा घोस खाली लोंबत असतो, आणि तो ओळखता यावा म्हणून मान वर करून चालण्याची सवय मुलांना लावावी लागते. वळवाच्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्या असतील तर जमिनीतून सापकांदा वर आलेला दिसेल. फणा काढल्यासारखे त्याचे रूप पाहून लहान मुले दचकतात आणि मग तिथून हलत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे.

शेकरूविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या आईंचा तो जिव्हाळ्याचा विषय दिसतो. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली घोषित झाले ते प्रामुख्याने या राज्यप्राण्यासाठीच. सुमारे 130 चौरस किलोमीटरचे हे रान पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलेले आहे. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेत ते आपला संसार चालवते, म्हणून वरच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असणे ही त्याची पहिली गरज आहे. एक शेकरू पाने आणि काटक्यांची अनेक घरटी बांधते आणि त्यांतले एखादेच पिलासाठी वापरते. तेव्हा दिसलेले प्रत्येक घरटे नांदते असेलच असे नाही. सकाळी लवकर आणि दुपारनंतर ते हालचाल करते, भर उन्हात फांदीवर पसरून पडून राहते. त्याचा खडखडाट ऐकू आला की बोलणे थांबवून आवाजाच्या दिशेने झाडाच्या शेंड्याकडे पाहत राहावे.

जमल्यास आहुपे गावची देवराई पाहावी. तिथे गारंबीचा प्रचंड वेल आहे, ज्याच्या शेंगा लहान मुलाच्या उंचीएवढ्या होतात. देवराईतून वाळलेली काटकीही न्यायची नाही हा जुना दंडक आहे आणि गावाने तो पाळला म्हणूनच हे रान टिकले. आपल्या मुलांना आजीच्या पिढीने काय जपले हे सांगण्यासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. जाण्यापूर्वी गावातल्या माणसांना विचारावे आणि शक्य असल्यास तिथल्याच एखाद्या माहीतगाराला सोबत घ्यावे.

काजव्यांचा काळही हाच आहे. वळीव झाल्यावर मे अखेरीपासून पाऊस स्थिर होईपर्यंत ते दिसतात, आणि अमावास्येच्या आसपासच्या रात्री सर्वांत चांगल्या असतात. नर आणि मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणेनेच शोधतात. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असते. त्या अल्प काळात गाडीचे दिवे, विजेऱ्या आणि छायाचित्रांचे झोत त्यांच्या खुणा बुजवून टाकतात. म्हणून कृपया गाडी लांब उभी करावी, दिवे मालवावेत, झाडाखालची जमीन तुडवू नये आणि फोन खिशातच ठेवावा. गावात नातेवाइकांचे घर असल्याने आपल्याला गर्दीच्या ठिकाणी जाण्याची गरजच पडणार नाही.

वेंगुर्ल्याची नात

वर्षश्राद्धाच्या प्रश्नावर मला लिहावेसे वाटते.

आमची आजी आरवलीजवळ राहत असे. फाल्गुन-चैत्रात सुरंगी फुलली की घरातली माणसे पहाटेच्या अंधारात झाडावर चढत, कारण कळी उमलायच्या आत काढावी लागते आणि ऊन चढले की मधमाश्यांची झुंबड उडते. सुरंगीची फुले फांद्यांना चिकटून येतात, त्यामुळे काढणारा माणूस तासन्‌तास झाडावरच असतो. आजी खाली बसून वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, ओवत असे आणि पहिला वळेसर देवाला, दुसरा घरातल्या थोरल्या सुनेला, असा तिचा क्रम ठरलेला होता.

आजी माघात गेली. त्यानंतर महिन्याभरातच सुरंगी फुलली आणि घरात प्रश्न उभा राहिला की यंदा फुले काढावीत की नाही. सुतक कधीच संपले होते, तरी केसांत फुले माळायला कोणाचे मन धजेना. शेवटी माझ्या मोठ्या काकूंनी सांगितले की फुले काढू, वळेसर करू, देवाला आणि आजीच्या तसबिरीला वाहू आणि उरलेले वाडीतल्या लेकीसुनांना देऊ. आम्ही स्वतः त्या वर्षी माळली नाहीत. कामात मात्र सगळे घर होते, आणि आजीविषयी मोकळेपणाने बोलणे आम्हाला त्या पहाटेंमध्येच प्रथम जमले. दहाव्या-बाराव्याच्या गर्दीत ते जमले नव्हते.

म्हणून माझी विनंती अशी, की त्या वडीलधाऱ्यांना या प्रवासाचे स्वरूप आधी नीट समजावून सांगावे. आपण आईच्या माहेरी जात आहात, तिच्या भावंडांना भेटणार आहात, तिने दाखवलेली झाडे नातवंडांना दाखवणार आहात. गोडधोड, नवे कपडे, समारंभ असे काहीही त्यात नाही. त्यांनाच सोबत येण्याचे निमंत्रण दिले तर कदाचित त्यांचाही विरोध मावळेल, कारण अशा वेळी पुष्कळदा माणसाला आपल्याला वगळले जात असल्याचे दुःख अधिक असते. आणि तरीही ते नाही म्हणाले, तर रागावू नये. त्यांचा शोक त्यांच्या रीतीने चालला आहे.

वैनगंगेकाठचा

मी गडचिरोलीचा आहे, त्यामुळे भीमाशंकरच्या झाडांविषयी अधिकाराने लिहू शकत नाही. आपल्या बाबांविषयी मात्र एक सूचना करावीशी वाटते.

माझे वडील अखेरच्या काही वर्षांत चालू शकत नव्हते. त्यांचे सगळे आयुष्य मोहाच्या झाडांखाली गेलेले. आमच्याकडे मोहफुले पहाटेपासून टपटप गळू लागतात आणि उन्हे चढण्याआधी ती वेचून घ्यावी लागतात, नाहीतर हरणे, अस्वले आणि गुरे आपला वाटा उचलतात. वडिलांना वेचायला नेणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही झाडापासून थोड्या अंतरावर बाज टाकून त्यांना बसवत असू. डोळेही अधू झाले होते, परंतु फुले गळण्याच्या आवाजावरून यंदा मोह कसा आहे हे ते बरोबर सांगत. शेजारच्या झाडावर हळद्या बोलला की हात वर करून आम्हाला थांबवत.

आपणही बाबांसाठी अंगणात किंवा ओढ्याजवळच्या सपाट जागेवर खुर्ची टाकावी आणि पहाटे सगळ्यांनी त्यांच्याभोवती बसावे. या दिवसांत बसल्या जागी ऐकण्यासारखे पुष्कळ असते. पावशा चढत्या सुरात ‘पेरते व्हा’ची घाई करीत असतो आणि रात्रीही थांबत नाही. कोकीळ आहेच. सह्याद्रीत ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो, हे मी तिकडे आलो असताना ऐकले आहे आणि आजही विसरू शकलेलो नाही. नवरंग पक्षी दक्षिणेकडून विणीसाठी याच सुमारास येऊ लागतो. तो दिसणे कठीण, परंतु पहाटे आणि सांजेला त्याची दोन सुरांची खणखणीत शीळ ऐकू येते. गावाच्या माळावर टिटवी असेल तर मुलांना लांबूनच दाखवा. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि भर उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून येऊन त्या अंड्यांवर बसते, म्हणजे ती तापत नाहीत. जवळ मात्र जाऊ नये, कारण ती उठली की अंडी उन्हात उघडी पडतात.

बाबांना विचारा की लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आले तेव्हा आईने त्यांना काय दाखवले होते. रानातल्या आवाजांच्या सोबतीने जुन्या माणसांना बोलणे सोपे जाते, असे मी माझ्या वडिलांजवळ बसून पाहिले आहे.

आंबेगावची लेक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. मामांशी बोलणे झाले आहे आणि ज्यांचा विरोध होता त्या काकांनाही मी काल फोन करून सोबत येण्याची विनंती केली. त्यांनी अजून होकार दिलेला नाही, परंतु किती दिवसांसाठी जाणार आणि उतरणार कुठे, हे त्यांनी आपणहून विचारले.

एक शेवटचा प्रश्न आहे. आईच्या नावाने मामांच्या परसात एखादे झाड लावावे असे भावंडांचे म्हणणे आहे. धाकट्या भावाला गुलमोहर हवा आहे, कारण आमच्या शहरातल्या घरापुढे आईनेच लावलेला गुलमोहर आहे. मला बहावा लावावासा वाटतो. आपले मत काय?

घाटमाथा

शहरातल्या घरापुढचा आईंनी लावलेला गुलमोहर जिवापाड जपावा, त्याविषयी दुमत नाही. परंतु मामांचे घर अभयारण्याच्या शेजारी आहे आणि गुलमोहर मूळचा मादागास्करचा, म्हणून तिथे बहावा किंवा ताम्हण लावावे असे मी सुचवीन. बहाव्याच्या शेंगांतला काळा गर कोल्हे, अस्वले आणि माकडे खातात व त्यांच्या वाटे बिया रानात पसरतात. ताम्हण हे आपले राज्यपुष्प असून एप्रिल ते जून फुलते, मात्र त्याला ओल अधिक मानवते, म्हणून परसात विहीर किंवा ओहोळ असेल तरच त्याचा विचार करावा.

बहावा लावायचा ठरल्यास रोपवाटिकेतून रोप आणण्याऐवजी बियांपासून सुरुवात करावी, म्हणजे मुलांनाही त्यात काम मिळेल. अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलू नये, गावातल्या किंवा रस्त्याकडेच्या झाडाखाली पडलेली वाळकी शेंग घ्यावी. शेंग फोडली की आतल्या पडद्यांमध्ये एकेक चपटे, तपकिरी बी मिळते. त्यावरचा चिकट गर धुऊन टाकावा. बीचे कवच फार कठीण असते, त्यामुळे एका कडेला ते खरबरीत दगडावर थोडे घासावे आणि रात्रभर पाण्यात भिजवावे. जी फुगतील ती माती आणि शेणखत भरलेल्या पिशव्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी खोल पेरावीत. आठ-दहा पिशव्या भराव्यात, कारण सगळ्याच बिया रुजत नाहीत. श्रावणापर्यंत रोपांना काही पाने आलेली असतील, पण ती तेव्हा जमिनीत लावू नयेत. पहिले वर्ष पिशवीतच वाढवून पुढच्या आषाढात लावावीत आणि भोवती काटेरी कुंपण करावे. गुरांपासून पहिली तीन-चार वर्षे राखण केली तर पुढे त्याला फारसे काही करावे लागत नाही. वर्षश्राद्धाला भावंडे पुन्हा जमतील तेव्हा प्रत्येकाला एकेक पिशवी वाढवण्यासाठी घरी नेता येईल, म्हणजे एकाचे रोप दगावले तरी दुसऱ्याकडचे मामांच्या परसासाठी उरेल.