ऑनलाइन बैठकीत प्रश्न विचारला की उत्तरंच येत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात ऊस पिकाच्या सल्ल्याचं काम करते. करवीर, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतले शेतकरी आमच्या गटात आहेत. एरवी बैठक देवळात नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये होते. पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडे निघाली की रस्ते एकेक करून बंद होतात, आणि सल्ला नेमका तेव्हाच हवा असतो. म्हणून यंदा झूमवर बैठक घेतली.

बुडित उसाबद्दल सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही. शेंडा पाण्याबाहेर राहिला असेल तर चर काढा, पाणी बाहेर काढा, वाफसा आला, म्हणजे पाणी निथळून जमीन नुसती ओलसर राहिली, की खताचा हप्ता द्या, असं सांगता येतं. पण शेंड्यावरून बरेच दिवस पाणी गेलं असेल तर शेंड्यातल्या पानांच्या सुरळीमध्ये गाळ बसतो, वाढीचा कोंब कुजतो आणि कांड्यांवरच्या डोळ्यांतून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात. तो ऊस लवकर तोडीला कसा जाईल, हे बघावं लागतं. गावात मी विचारते, ‘किती जणांचा शेंडा बुडाला?’ हात वर होतात आणि पुढं काय बोलायचं ते मला कळतं. ऑनलाइनही तेच व्हावं म्हणून मेंटीमीटरवर, म्हणजे लोकांनी आपापल्या फोनवरून उत्तर द्यायच्या वेबसाइटवर, प्रश्न तयार केला होता.

सत्तरेक जण जोडलेले होते. मी सांगितलं, मेंटी डॉट कॉम उघडा, आठ आकडी कोड टाका. मिनिटभरात चारच उत्तरं आली. सगळ्यांचे कॅमेरे बंद, पडद्यावर नुसती काळी चौकटं. एक मामा म्हणाले, “मॅडम, आवाज येतोय, पर कोड कुठं टाकायचा?” आणि दुसऱ्या कुणीतरी तो कोड झूमच्या चॅटमध्येच टाकला. माझा घसा कोरडा पडला. “असू दे, पुढं जाऊ,” म्हणाले आणि उरलेली पंचवीस मिनिटं मान वर न करता स्लाइड वाचत गेले. संध्याकाळी शिरोळकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांचा ऊस सहा दिवस पूर्ण पाण्याखाली होता. मी जे सांगितलं ते त्यांच्या कामाचं नव्हतंच, आणि ते बैठकीत मला विचारूही शकले नव्हते. ही गोष्ट मनातून जात नाही.

पुढच्या रविवारी परत बैठक आहे. एकाच फोनवर बैठक बघणाऱ्या माणसाकडून उत्तर कसं मिळवायचं? आणि त्या शांततेत स्थिर कसं राहायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, चूक तुमच्या बोलण्यात नाही. फोन एकच असेल तर कोडसाठी माणसाला झूम सोडून ब्राउझरमध्ये जावं लागतं. तिथं गेलेला माणूस परत येताना चाचपडतो. झूमचं पैसे भरलेलं खातं असेल तर त्याचाच पोल वापरा, तो त्याच ॲपमध्ये समोर येतो. फुकटच्या खात्यात पोल नाही आणि बैठकही ४० मिनिटांत बंद पडते. दुसरा मार्ग म्हणजे तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथला पोल सगळ्यांना येतो. आदल्या रात्रीच टाका, म्हणजे बैठकीत बसताना उत्तरं तुमच्या हातात असतील. फक्त ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ हे बटण बंद करा. आणि कुणी काय उत्तर दिलं ते नावानिशी ग्रुपमध्ये दिसतं हे लक्षात ठेवा. नुकसान सगळ्यांपुढं सांगायला काहींना जड जातं.

प्रतिसाद

मी शिक्षक आहे. शांततेबद्दल माझा अनुभव सांगतो. पहिला प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर कुणाचंही चुकणार नाही. ऊस आडसाली (पावसाळ्यात लावलेला) की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेला), एवढाच. दोन्ही पर्याय दोनदा वाचा आणि “आता मी अर्धा मिनिट थांबते” असं बोलून दाखवा. तुम्ही सांगून थांबलात की ती शांतता तुमची होते. शब्द टाइप करायला मात्र लावू नका. मी कीड विचारली तर हुमणी, हुमनी आणि हुमणि असे तीन वेगळे शब्द मोजले गेले. शिवाय एका ओळखीच्या शेतकऱ्याला माइक चालू ठेवायला सांगा. त्यांचं “व्हय” कानावर पडत राहिलं की बोलणं आपोआप सैल होतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःच जोडून बघितलं. माझा लॅपटॉप खाली होता, त्यामुळं मी सतत मान खाली घालून बोलताना दिसत होते. आता तो डब्यावर ठेवलाय. पोल ग्रुपवर टाकलाय आणि ज्यांना नाव दिसू नये असं वाटतं त्यांनी मला वेगळा मेसेज करावा, असंही लिहिलंय. तासाभरात ३१ उत्तरं आलीत. त्यांतल्या ९ जणांचा शेंडा बुडाला होता. रविवारी सुरुवात त्या नऊ जणांपासून करते. शिरोळच्या त्या काकांना माइक चालू ठेवाल का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “ठेवतो की, तुम्ही बोला.”