वाडीतील किशोर मंडळाची जबाबदारी घेताना काय ठरवून घ्यावे?

प्रश्न (गुहागर तालुका)

नमस्कार. आमच्या वाडीत अकरा ते सोळा वर्षे वयाच्या मुलामुलींचे मंडळ शिमग्यानंतर सुरू झाले. ते चालवणारे दादा नोकरीनिमित्त ठाण्याला गेल्यामुळे आता ही जबाबदारी मी घ्यावी, असे ग्रामस्थ मंडळाने सुचवले आहे. महाविद्यालयात असताना मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत काम केले आहे. परंतु मुलांचा गट सांभाळण्याचा अनुभव नाही. रविवारी मुले सहाणेवर (शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी बसते त्या जागी) जमतात, थोडा वेळ खेळतात आणि पुढे काय करायचे हे कोणीच ठरवलेले नसल्याने पांगतात. होकार देण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे आणि मंडळाची नोंदणी आवश्यक आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (निवृत्त शिक्षक, दापोली)

ताई, होकार जरूर द्या, पण एकटीने जबाबदारी घेऊ नका. प्रत्येक कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ व्यक्ती हव्यात आणि मुली असतील तेथे त्यांपैकी एक स्त्री हवी. प्रत्येक पालकाकडून लेखी संमती घ्या व तीत दूरध्वनी क्रमांक, आजारपण आणि पोहता येते की नाही याची नोंद ठेवा. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक असून, लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. असे प्रकरण ‘वाडीतच मिटवून टाकू’ म्हणणारे कोणी ना कोणी भेटतेच. त्या वेळी आपली भूमिका काय असेल, हे सभेत आधीच सांगून ठेवावे.

केवळ आठवड्याला जमण्यासाठी नोंदणी लागत नाही. स्वतःच्या नावाने बँक खाते किंवा अनुदान हवे असेल, तर किमान सात सभासद घेऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करावी लागते. सध्या ग्रामस्थ मंडळाची उपसमिती म्हणून काम करणे मला अधिक सोयीचे वाटते.

मुले पांगतात याचे कारण, माझ्या मते, त्यांच्याकडे कोणतेच काम सोपवलेले नाही. अमेरिकेतील फोर-एच या मुलामुलींच्या, कामातून शिकवणाऱ्या मंडळांत मुले आपल्यातूनच अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडतात आणि आपल्या प्रकल्पाची नोंदवही स्वतः लिहितात. मोठी माणसे मागे बसतात. इतिवृत्त तेरा वर्षांच्या मुलीने लिहू द्या. ते वेडेवाकडे झाले तरी दुरुस्त करू नका, पुढच्या रविवारी तेच वाचून घ्या.

उत्तर (मुंबई मंडळाचा कार्यकर्ता, परळ)

गुरुजींशी सहमत आहे, मात्र उपसमिती व्हायचे असेल तर एक गोष्ट लेखी घ्या: आपण गावच्या मंडळाला उत्तरदायी की मुंबई मंडळाला, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाला? पैसे बहुधा आम्ही पाठवतो आणि गणपतीत चाकरमानी उतरले की मुलांचे मंडळ म्हणजे खुर्च्या उचलणारी फौज, असा आमच्यापैकी अनेकांचा समज असतो. तो खोडून काढणे तुमच्या वाट्याला येईल. शिवाय बारावीनंतर पोरे मुंबई-पुण्याला जाणारच, म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या दोघांना आत्तापासून हाताशी धरा. नाहीतर दादांच्या जाण्याने आज जे झाले तेच पुन्हा होईल.

उत्तर (मासेमार कुटुंबातील पालक)

किनाऱ्यावरचा कार्यक्रम घड्याळावर ठरवू नये, ही विनंती. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे या रविवारी चार वाजता ओहोटी असेल आणि मुले पुळणीवर खेळली, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी जवळपास भरती असते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिक वर येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा मुलांना पाण्याजवळही नेऊ नये. मात्र त्याच काळात आमची माणसे घरी जाळी दुरुस्त करीत बसलेली असतात. आधी सांगितले तर आमचे वडील पडवीत जाळे पसरून मुलांना गाठी मारायला शिकवतील. फक्त एका वेळी पाच-सहा जणांनाच पाठवा, कारण त्याहून अधिक मुले बसली की जाळ्यात पाय अडकतात आणि म्हाताऱ्याचा राग तुम्हाला ठाऊक नाही.