मदत हवी आहे: ऐन मे महिन्यात आत्याची लाइन कापणार म्हणतायत

नमस्कार मंडळी, आत्या चंद्रपूरला एकटीच राहते, वय ७४, बीपीची गोळी चालू, आणि तिला या महिन्यात २१ हजारांचं बिल आलंय, घरात एक कूलर, फ्रिज, दोन पंखे बस. मीटरच गंडलाय असं मला वाटतं. काल लाइनमन येऊन सांगून गेला की सोमवारी कनेक्शन कट, लेखी काहीच नाही, फक्त मोबाइलवर मेसेज. इकडे ४५-४६ चाललंय हो, कूलर बंद झाला तर म्हातारीचं काय?

वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मधे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि बिलावर वाद असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतके पैसे 'अंडर प्रोटेस्ट' (म्हणजे हरकत नोंदवून) भरले की लाइन कापता येत नाही असं आहे. पण असे पैसे भरून घ्या म्हणून अर्ज प्रत्यक्षात कोणी केलाय का? कुणाकडे द्यायचा, पोच देतात का? तो मेसेज नोटीस धरतात का? मीटर टेस्टिंगचं पण सांगा.

भाऊ अमेरिकेत फिनिक्सला असतो, तिकडे अ‍ॅरिझोनात म्हणे उन्हाळ्यात थकबाकीसाठी लाइन तोडायला बंदी आहे, आपल्या विदर्भासाठी असं काही आहे का?

सोमवारच्या आत कळलं तर बरं होईल.