लाइन बंद असलेल्या काळाचे ब्रॉडबँड बिल भरावेच लागते का?

प्रश्न: सेवाकेंद्र_आजरा

नमस्कार. आजरा तालुक्यातील एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, दाखले, पीक विम्याचे अर्ज अशी सगळी कामे ऑनलाइन असल्याने एका खासगी कंपनीचे फायबर कनेक्शन घेतले आहे. मासिक भाडे 599 रुपये असून 18 टक्के जीएसटी धरून बिल 706 रुपये 82 पैसे होते. कनेक्शन जोडून देणारे, पैसे घेणारे आणि बिघाड झाल्यावर येणारे असे सबकुछ एकच, ते म्हणजे गावातले केबलवाले दादा.

जुलैच्या पावसात, ऐन पीक विम्याच्या दिवसांत लाइन बंद पडली आणि गणपतीच्या तोंडावर सुरू झाली. मधल्या काळात दादांना कितीतरी फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेश केले, पण "उद्या जोडून देतो ताई" यापलीकडे उत्तर मिळाले नाही. बिले मात्र दोन्ही महिन्यांची पूर्ण भाड्याची आली आणि दुसऱ्यात शंभर रुपये विलंब शुल्कही लावले होते. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारले असता, आपल्या नावावर बिघाडाची एकही तक्रार नोंदलेली नाही, असे सांगण्यात आले. आता वसुलीचे फोन येतात आणि सिबिल खराब होईल, असे बजावले जाते.

बंद काळाचे भाडे नाकारता येते का? थेट ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, दाद मागता येते का? आणि टेलिफोन-इंटरनेटची प्रकरणे ग्राहक आयोगात चालतच नाहीत, असे एकाने ठामपणे सांगितले, ते खरे आहे का?

उत्तर: ग्राहकवकील_कोल्हापूर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याबाबतची चुकीची समजूत वकिलांमध्येही अजून आढळते. 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम 7 ब मध्ये लवादाची तरतूद होती आणि तिच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये टेलिफोन बिलांचे वाद ग्राहक मंचाबाहेर ठेवले होते. मात्र 16 फेब्रुवारी 2022 रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ग्राहक आयोगांचा अधिकार अबाधित असल्याचे स्पष्ट केले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे कोल्हापुरात, तक्रार दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि सेवेसाठी भरलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. कंपनी "हा व्यापारी वापर आहे" असा आक्षेप घेईल हे गृहीत धरा. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांना कायद्याने त्यातून वगळले आहे, म्हणून केंद्र आपण स्वतः चालवता आणि घर त्यावर चालते, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

ट्राय ही नियामक संस्था असून ती एकेका ग्राहकाच्या तक्रारीवर निवाडा देत नाही. 2012 च्या तक्रार निवारण विनियमांनुसार आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि तेथे समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे लागते. अपिलाला शुल्क नसते आणि त्याचा निर्णय 39 दिवसांत व्हायला हवा. निवाडा देणाऱ्याचा पगारही कंपनीच देते, त्यामुळे फार आशा ठेवू नका. पण लेखी नकार हाती आला की पुढचे काम सोपे होते.

भाड्याबाबत सांगायचे तर, दुरुस्ती लांबल्यास भाड्यात सूट देण्याची तरतूद ब्रॉडबँडच्या सेवा-गुणवत्ता विनियमांत 2006 पासून आहे आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नव्या विनियमांतही ती आहे. अडचण अशी की बिघाडाचे दिवस मोजले जातात ते तक्रार नोंदवल्यापासून. दादांना केलेला फोन कंपनीच्या लेखी तक्रार ठरत नाही, आणि गावोगावचे ग्राहक नेमके येथेच अडकतात. तरीही कंपनीला हात झटकता येणार नाही, कारण परवाना तिच्या नावावर आहे आणि फ्रँचायझीच्या कामाची जबाबदारी परवानाधारकावरच येते. दादांशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण तारखांसह जपून ठेवा. आज बिलाविषयी तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्या, आणि लाइन सुरू होती त्या दिवसांची रक्कम "हरकत कायम ठेवून" असे ईमेलने कळवून भरून टाका. वसुलीवाल्यांना तोच डॉकेट क्रमांक सांगा.

उत्तर: फायबरवाला_भुदरगड

मी स्वतः अशाच एका कंपनीची फ्रँचायझी चालवतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. आमच्याकडे तार बहुतेक ठिकाणी विजेच्या खांबांवरून किंवा झाडांवरून जाते. रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी, पडलेली फांदी, ओढ्याचे पाणी यांपैकी काहीही तिला पुरते. शिवाय गावे एकाच मार्गावर एकापुढे एक जोडलेली असल्याने मागे कोठेही तार तुटली की पुढच्या सगळ्या गावांचे इंटरनेट बंद पडते. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या भारतनेट कार्यक्रमाची सुधारित आवृत्ती 2023 मध्ये मंजूर झाली, तीत ग्रामपंचायती वलयाकार मार्गाने, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील अशा, जोडायचे ठरले, ते याच कारणासाठी. तार जोडण्याचे स्प्लायसिंग यंत्र प्रत्येक ऑपरेटरकडे नसते, ते भाड्याने आणावे लागते आणि पावसाळ्यात सगळ्यांना एकदमच हवे असते. तरीही तक्रार स्वतः कंपनीच्या अ‍ॅपवर न चढवता "उद्या" म्हणत राहणे चुकीचेच आहे. असे का होते, तेही सांगतो: उघड्या तक्रारी वाढल्या की आमच्या कमिशनवर परिणाम होतो.

पुराव्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या भिंतीवरील ओएनटी, म्हणजे फायबरची तार ज्यात येते तो डबा, केव्हा जोडलेला होता आणि केव्हा नव्हता, याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत आपोआप होते. "गावात लाइटच नव्हती, आमचा दोष नाही," असे उत्तर मिळाले तर ते तपासता येते. वीज गेली की बहुतेक ओएनटी बंद पडता पडता तसा संदेश मागे पाठवतात. तार तुटली तर तो येत नाही, नुसता सिग्नल गेल्याची नोंद होते आणि डब्यावर एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागतो. त्यामुळे तक्रारीत त्या दोन महिन्यांची ओएनटी नोंद आणि दिवसवार डेटा वापर, दोन्ही लेखी मागा. ओळीने शून्य वापराचे दिवस दिसले की पूर्ण भाडे कसे लावले, याचे उत्तर त्यांनाच द्यावे लागेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर: सेवाकेंद्र_आजरा

दोघांचेही आभार. बिलाची तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घेतला आहे आणि ओएनटीची नोंदही मागितली आहे. त्या काळात लाल दिव्याचा एक फोटो दादांना पाठवला होता, तो व्हॉट्सअ‍ॅपवर तारखेसह सापडला. आता कनेक्शन बंद करून दुसरे घ्यावे म्हणते. दादा म्हणतात की डबा त्यांच्याकडे दिला की झाले.

उत्तर: ग्राहकवकील_कोल्हापूर

तसे करू नका. बंद करण्याची विनंती कंपनीकडेच नोंदवा, नाहीतर डबा दादांच्या कपाटात आणि बिल आपल्या नावावर, असे होईल. डबा देताना त्यावरील अनुक्रमांक लिहिलेली पोच सही-तारखेसह घ्या. अनामत भरली असेल तर तिच्या परताव्याची मागणी त्याच ईमेलमध्ये करा आणि बँक खात्याचा तपशील सोबत जोडा.