क्रूझवरून पक्षी बघणं: हौस का पैशाचा चुराडा?

तापीकाठचा:
मागच्या महिन्यात मुंबई-लक्षद्वीप क्रूझ झाली, साडूच्या लग्नाला २५ वर्षं झाली त्याचं निमित्त, मी फक्त बॅगा उचलायला. दुर्बीण घेतली तर घरचे हसले, समुद्रात काय कावळे बघणार का म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डेकवर मी आणि पोछा मारणारा एक पोरगा, बाकी जहाज घोरतंय. जहाजाच्या नाकाशी पाणी फुटतं ना तिथून उडते मासे सुटत होते, पाण्यावरून दगडाची चकती फेकावी तसे, आणि एक पांढरा, पंखांच्या कडा काळ्या असलेला मास्क्ड बूबी नावाचा समुद्री पक्षी जहाजाच्या बरोबरीने उडत होता. म्हणजे जहाज माशांना हुसकावतंय आणि हा आयता टपून बसलाय. चारदा हुकला, पाचव्यांदा पंख मिटून सरळ खाली. तो पोरगा पोछा सोडून बघत उभा. माझं म्हणणं इतकंच की क्रूझ म्हणजे नुसतं खाणं अन डीजे नाही, ज्याला बघायचंय त्याला दिसतं. बोला.

भुसावळकर_भाऊ:
आते काय सांगू भो तुले. माणशी ४०-५० हजार घातले अन पक्षी किती, एक! तेवढ्यात मी हतनूर धरणावर दहा वर्षं जाऊन येईन. तापी-पूर्णेचा संगम घराजवळ, थंडीत चक्रवाक, थापट्या, तलवार बदक अशी बदकं, सगळे फुकट. वरून घरून भाकरी-ठेचा नेतो.

तापीकाठचा:
एक नाही हो, सुरय पक्षी होते, आणि स्पिनर डॉल्फिन पण, ते हवेत गोल फिरून पडतात. आणि हतनूरला बूबी दाखवा, मी तुम्हाला भरीत-पुरी देतो.

रानपिंगळा_शहादा:
भाऊचं पैशाचं सोडा, मला दुसरंच खटकतं. आपल्याकडच्या माणसाला लांबचंच भारी वाटतं. रानपिंगळा, म्हणजे आपल्या जंगलातलं छोटं घुबड, १८८४ नंतर कुणालाच सापडला नव्हता, जगाने संपला म्हणून सोडला होता. मधे मायनरत्झागेन नावाच्या इंग्रजाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून १९१४ ला गुजरातेत मीच मारला असं लेबल लावलेलं, त्यामुळे लोक भलतीकडे शोधत बसले. शेवटी नोव्हेंबर १९९७ ला पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिचे दोन साथीदार अमेरिकेहून आले आणि सापडला कुठे तर आपल्या शहाद्याजवळ, तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. ११३ वर्षांनी! आणि हा घुबड असून दिवसा फिरतो, उजेडात फांदीवर बसून शेपटी झटकतो. आमच्या गावातले निम्मे लोक अजून त्याला साधा पिंगळा समजतात आणि पोराला समुद्र दाखवायला कर्ज काढतात.

चाळीसगावची_मास्तरीण:
दादा, मुद्दा पटला, पण तुमच्या रानपिंगळ्याचं काय चाललंय ते पण सांगा ना. यावलच्या जंगलात गेले होते तर एक ग्रुप मोबाईलवर त्याचा आवाज लावून बसलेला, पुन्हा पुन्हा, तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा आला समजून फांदीवरून फांदीवर, आणि हे फटाफट फोटो. जहाजावरचा माणूस निदान पक्ष्याच्या घरट्यापर्यंत पोचू शकत नाही. लक्षद्वीपचं पिट्टी बेट घ्या, जेमतेम सव्वा हेक्टर, झाड नाही की झुडूप नाही, नुसती वाळू, तिथे सुरय अंडी घालतात. अभयारण्य आहे. क्रूझवाल्याला तिथे उतरवत नाहीत हे बरंच.

रानपिंगळा_शहादा:
आवाज लावणाऱ्यांचा मोबाईल तापीत टाकायला पाहिजे, यात वाद नाही ताई. पण जहाज निरुपद्रवी म्हणू नका. रात्रभर लायटिंग चालू असतं, समुद्री पक्षी उजेडाला चकतात आणि डेकवर येऊन आपटतात.

तापीकाठचा:
हे खरंय. दुसऱ्या रात्री स्विमिंग पूलच्या बाजूला एक काळपट पक्षी खुर्चीखाली बसला होता, कोणता ते ओळखू आलं नाही. लोकांनी फ्लॅश मारून घेरला. मी टॉवेल टाकून अंधारात नेऊन ठेवला, सकाळी नव्हता. उडाला का कुणी उचलला, माहीत नाही. हे मी वर लिहिलं नव्हतं.

रावेर_केळीवाला:
इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर एका जहाजावर १०० च्या वर प्रवासी नेऊ देत नाहीत, गाईडशिवाय बेटावर फिरता येत नाही आणि प्राण्यापासून २ मीटर लांब राहायचं. आपल्याकडे डीजेचा आवाज कमी करा म्हटलं तरी भांडण. बाकी दोस्ता, दुर्बीण कोणती नेली होती? माझी १०×५० जहाजावर हलते म्हणून विचारतो.

तापीकाठचा:
८×४२. इंजिनाची थरथर असते, १० ची धरून डोकं दुखतं. आणि सगळ्यात वरच्या डेकवर जाऊ नका, पाण्याजवळचा खालचा डेक बघा, सूर्य पाठीशी घेऊन.

भुसावळकर_भाऊ:
चला म्हणजे ५० हजारात हे शिकून आला. रविवारी हतनूरला ये, टेलिस्कोप माझा, तिथे काही हलत नाही. भरीत-पुरी तुझ्याकडे, बूबी दिसो न दिसो.

तापीकाठचा:
येतो. साडूला पण आणतो. तीन दिवस कॅसिनोतून बाहेर आला नव्हता, आत्ता फोनवर चक्रवाक म्हटलं तर विचारतो, तंदुरी का रस्सा.